पाकळ्या मोजून ये

९ फेब्रुवारी

वन्सं आल्या. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि बाहेरचा सगळा गारठा घेऊन दारात उभ्या. मी दार उघडलं तर पहिला प्रश्न, "किती वाजलेत?" म्हटलं, "अकरा." "मग अजून अंथरुणातल्याच कपड्यांत का?" झालं. पस्तीस वर्षांत तसूभर फरक नाही.

त्यांना लेकीने धाडलंय. लेकीचं सगळं ठरलंय. पंधरा एप्रिलला घराच्या किल्ल्या घरमालकाला द्यायच्या, मी कायमची तिच्याकडे जायचं, आणि तोवर आवराआवरीला आत्या माझ्यासोबत राहणार. मी 'बरं' म्हटलं होतं. हे गेल्यापासून मी सगळ्यालाच 'बरं' म्हणते. 'बरं' म्हटलं की माणसं फोन ठेवतात.

ह्यांना जाऊन उद्या दोन महिने होतील. साधा खोकला म्हणून सुरू झालं आणि नऊ दिवसांत छातीत न्यूमोनिया. असा हिवाळा तीस वर्षांत झाला नाही म्हणतात. नळ फुटले, रस्ते बंद होते. मला काहीच माहीत नाही. मी ह्यांची तपकिरी शाल गुंडाळून पलंगावर बसून होते.

ही वही लेकीनेच दिली. "मनातलं लिही," म्हणाली. मनात काही नाही, म्हणून वन्संबद्दल लिहिते आहे.

१२ फेब्रुवारी

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, आता एकाहत्तर. लग्न केलं नाही. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकट्या राहतात. पासष्टीच्या माणसाला 'बाळू' म्हणून हाक मारायच्या आणि हेही बिनतक्रार 'ओ' द्यायचे.

आमचं दोघींचं बिनसलं ते लग्न ठरलं त्याच दिवशी. आमच्या आईने माझ्या हातचा म्हणून भरतकाम केलेला उशीचा अभ्रा पुढे केला. खरं तर तो माझ्या धाकट्या बहिणीने भरला होता. वन्संनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. अभ्रा उलटा केला, मागचे दोरे पाहिले, मग माझी बोटं पाहिली. घडी घालून परत देत म्हणाल्या, "छान आहे. जिने केलाय तिला सांगा." तेव्हापासून मी त्यांच्यापुढे सुई हातात धरलेली नाही.

एक मात्र लिहून ठेवते. सख्खा भाऊ गेला, पण ह्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. पेटीतल्या दोऱ्याच्या लड्या रंगवार लावत बसल्या आहेत. काही माणसं घडतानाच कोरडी घडतात.

१८ फेब्रुवारी

आज कळलं ते ऐकून वाईट वाटलं. वन्संचे डोळे गेले आहेत. म्हणजे लांबचं दिसतं, जवळचं काही दिसत नाही. सकाळी सुई आणि दोरा पुढे करून म्हणाल्या, "ओवून दे. मला भोक दिसत नाही." मी ओवून दिली. त्यांनी ती हातात धरली, मग परत माझ्याच हातात ठेवली. "मला ओवून देऊन काय उपयोग? टाका कुठे पडतो ते कुठे दिसतंय! भरतकाम संपलं माझं."

तेहतीस वर्षं शिवण शिकवलेल्या बाईचं हे असं व्हावं! मी चहा केला. कप नेमका धरला त्यांनी, सवय असते.

चहा पिऊन पेटीतून एक पांढरं कापड काढलं. चांगलं जाड, सुती, टेबलाच्या मापाचं. "हे तू भरायचंस," म्हणाल्या.

"मी? वन्सं, माझा टाका म्हणजे कावळ्याचे पाय."

"माहितीये मला. अभ्रा पाहिलाय मी." पस्तीस वर्षं झाली, विसरायला तयार नाहीत. "घर सोडायचं ठरलंय ना? सोड. पण मागचं अंगण घेऊन जा. बाळूने काय काय पुरून ठेवलंय तिथे. जे जसं उगवेल तसं, जिथल्या तिथे ह्यावर भरायचं. ही पायऱ्यांची बाजू, हा नळ, ही भिंत, हे झाड. लेकीकडे गेल्यावर टेबलावर पसरशील."

मी 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२१ फेब्रुवारी

कापडावर पाच पायऱ्या उतरल्या, साखळी टाक्याच्या. वन्सं उलट बाजूवरून बोट फिरवतात आणि सांगतात, "तिसऱ्या पायरीवर गाठ मारलीस. उसव." डोळे गेले तरी बोटांना दिसतं, धन्य आहे. सकाळपासून चारदा उसवलं. मी म्हटलं, "सुलट बाजूने तर बरं दिसतंय." म्हणाल्या, "सुलट बाजू लोकांसाठी. उलट बाजू आपल्यासाठी. आपल्यासाठी गाठी कशाला ठेवायच्या?"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला तर अंगण भरताच येईना. खरोखर वाकडं झालंय.

२६ फेब्रुवारी

वन्संनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "नळाखाली पांढरं काहीतरी आहे. बर्फ नाही तो. जाऊन बघ." त्यांना स्वतःला जाता येत नाही, गुडघ्यांमुळे मागच्या पाच पायऱ्या उतरवत नाहीत. दोन महिन्यांत मी ते दार उघडलं नव्हतं. शाल घट्ट गुंडाळली, ह्यांचे बूट घातले आणि गेले.

फूलच होतं. वीतभर देठ, त्यावर पांढरं फूल, मान खाली. आले परत.

"पाकळ्या किती?"

"तीन-चार."

"तीन की चार?"

"तीन असतील."

"असतील म्हणजे? मी काय अंदाजाने भरायला सांगितलंय? पाकळ्या मोजून ये."

गेले परत. तीन. आले.

"आणि आत?"

"आत काय?"

"त्या तीन पाकळ्यांच्या आत आणखी असतात. टोकाशी हिरवं असतं. बघितलंस?"

फूल खाली मान घालून. आत बघायचं तर जमिनीवर गुडघे टेकून, बोटाने त्याची हनुवटी वर करावी लागते. तिसऱ्यांदा गेले. बर्फात गुडघे टेकले. आत खरंच आखूड तीन पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक हिरवा ठिपका. कोणी बघणार नाही अशा जागी इतकं नेटकं काम! मी किती वेळ तशीच बसले कोण जाणे. वर आले तर गुडघे ओले आणि चहा गार.

ऑक्टोबरमध्ये हे परसात खणत होते तेव्हा मी ओरडले होते, "कसले कांदे पुरताय? कमरेला शेक मी द्यायचा का?" हे म्हणाले, "बघशील." एवढंच बोलणं झालं. मी तेव्हा कोबी चिरत होते.

आत्ता लिहिताना एक मनात आलं. आत हिरवं असतं हे वन्संना कसं ठाऊक? अनुभव, दुसरं काय. त्यांना काय माहीत नसतं?

त्या फुलाला आम्ही 'मुखदुर्बळ' नाव ठेवलं. खरं नाव दोघींनाही येत नाही.

३ मार्च

मुखदुर्बळ झालं. चार दिवस लागले. वन्संनी कापड उलटलं, बोट फिरवलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे उसवायचं नाही! मी दोन पाव जास्त खाल्ले.

त्यांच्या डोळ्यांचं मात्र वाढत चाललंय. सकाळी उठतात तेव्हा डोळे लाल, कडा सुजलेल्या. विचारलं तर म्हणतात, "डोळ्यांना पाणी येतं, वयाने." मी औषधांच्या दुकानातून थेंब आणून दिले. डिसेंबरनंतर दुकानापर्यंत पहिल्यांदाच गेले, हे आत्ता लक्षात आलं. दुकानदार म्हणाला, सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब. वन्सं मुकाट्याने मान मागे टाकतात, मी थेंब घालते. ह्या बाईला कोणापुढे मान टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

८ मार्च

पायऱ्यांशेजारी जांभळे पेले आले आहेत. अकरा! पाकळ्या सहा, मोजून. आत तीन केशरी तंतू. ऊन आलं की उघडतात, ढग आला की मिटतात. दुपारी एकदा ढग आला तेव्हा मी तिथेच उभी होते. अकराच्या अकरा जण माझ्या डोळ्यांदेखत मिटले. मी वर येऊन वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "मग उघडे भरायचे की मिटलेले?" मी म्हटलं, "सहा उघडे, पाच मिटलेले." माझं मत कोणी विचारून किती दिवस झाले होते.

जांभळ्याच्या तीन छटा लागतात, लांब-आखूड टाक्याने एकीतून दुसरी काढायची. वन्संनी ते नुसतं हवेत बोट फिरवून दाखवलं. सुई नाही, कापड नाही, तरी मला टाका दिसला. शाळेतल्या मुली नशीबवान. आमच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल वर्गाला दाखवून हसवलं होतं, आणि तिथेच माझं शिवण संपलं. वन्सं हसत नाहीत. उसवायला लावतात, पण हसत नाहीत.

बांधाबांध मात्र काहीच झालेली नाही. लेकीचा फोन आला, "आवरलं का?" मी 'बरं चाललंय' म्हणाले आणि विषय बदलला.

१३ मार्च

मागच्या दाराशी वन्संच्या चपलांना ओला चिखल. त्या तर पायऱ्या उतरत नाहीत. बहुधा मीच घाईत त्यांच्या घालून गेले असेन. हल्ली दिवसातून पाच-सहा खेपा होतात, कोणाच्या चपला कोणाच्या पायात याचं भान राहत नाही. धुऊन ठेवल्या.

१९ मार्च

समोरचे घड्याळवाले आले होते. भिंतीवरचं घड्याळ थंडीत बंद पडलं ते मी तसंच ठेवलं होतं. वन्संनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर पसारा मांडून बसले आणि एक स्क्रू खाली पडला. भिंग लावून ते गृहस्थ फरशीवर रांगताहेत, मी कंदील धरल्यासारखी टॉर्च धरून मागे. वन्सं पलीकडे खुर्चीत बसल्या होत्या. "टेबलाच्या डाव्या पायाच्या मागे," म्हणाल्या. होता! मोहरीएवढा.

घड्याळवाले माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय हो नजर बाईंची! दुकानात बसवून घेतो, पाठवता का?"

मी त्यांना हळूच समजावलं की तसं नाही, त्यांना लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. फरशी म्हणजे लांबच की. ते 'अच्छा अच्छा' म्हणाले आणि माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिले. लोकांना दुसऱ्याच्या दुखण्यातलं काही कळत नाही. मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. नुसत्या आवाजावरून माणूस खरं बोलतंय की खोटं ते मला कळतं. मला कोणी फसवू शकत नाही.

घड्याळ चालू झालं. जेवण वेळेवर होऊ लागलंय.

२४ मार्च

भिंतीशी निळे घोस आलेत. एकेका घोसात मण्यांएवढी तीस-पस्तीस फुलं. मोजली, हो, मोजली. गाठीचा टाका शिकले. सुईला दोऱ्याचे दोन वेढे, टोक धरून ठेवायचं आणि सुई खाली ओढायची. सोडलं लवकर तर गुंता, धरलं जास्त तर दोरा तुटतो. वन्सं म्हणाल्या, "कधी सोडायचं ते हाताला कळतं. सांगून येत नाही."

मग जरा थांबून म्हणाल्या, "बाळूला बूट बांधायला मी शिकवलं. महिनाभर सोडायला तयार नव्हता, दोन्ही टोकं धरून उभा." आणि उठून आत गेल्या. डोळ्यांना पाणी आलं होतं. थेंबांची बाटली संपत आली आहे, दुसरी आणली पाहिजे.

खरं सांगायचं तर मला ह्या बाईचं कौतुक वाटायला लागलंय. डोळे अधू, गुडघे अधू, भाऊ गेला, वर माझ्यासारखी ढ शिष्या. तरी सकाळी सातला केस विंचरून तयार. एकदाही म्हणाल्या नाहीत की मला कंटाळा आला. आता वाटतं, फेब्रुवारीत मी इथे जे 'कोरडी' लिहिलं ते खोडावं. पण शाईने लिहिलंय. राहू दे.

३० मार्च

झाडाखाली नर्गिस! हे नाव घड्याळवाल्यांनी सांगितलं. सात कळ्या होत्या, काल एक उघडली. पिवळ्या पाकळ्या सहा, मधे गडद पिवळा पेला आणि पेल्याला चुणीदार काठ. मी ओणवी होऊन बघत बसले तर समोरून घड्याळवाले ओरडले, "काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, सापडलं!" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

हे फूल कापडाच्या मधोमध येणार. मोठं आहे, कापड ताणून धरायच्या रिंगीत मावत नाही. वन्सं म्हणाल्या, "रिंग काढ आणि मांडीवर घेऊन भर. आता जमेल तुला."

५ एप्रिल

काय लिहू. सहा दिवस भरत होते. एवढं सुंदर मी जन्मात काही केलं नव्हतं. पेल्याच्या चुण्यांना चार पिवळ्या छटा, काठाला काजाचा टाका. शेवटचा टाका घातला, दोरा कापला, आणि वन्संना दाखवायला कापड उचललं. कापडाबरोबर शाल उचलली गेली.

शालीसकट भरलं होतं. सहा दिवस ह्यांची शाल मांडीवर, शालीवर कापड, आणि माझी सुई दोन्हींतून आरपार. पुरं झाल्याशिवाय वन्संना दाखवायचं नाही म्हणून रोज शालीतच गुंडाळून ठेवत होते. पाकळ्या सहाही, पेला, देठ, सगळं ह्यांच्या शालीला शिवलेलं.

आता फूल उसवायचं, नाही तर शाल कापायची. तिसरा मार्ग नाही.

मी ओरडले. कोणावर ओरडले माहीत नाही. "नको मला तुमचं अंगण! फेकून द्या सगळं! पंधरा तारखेला जायचंच आहे, कशाला हवंय हे?" आणि पलंगावर जाऊन बसले, शाल अंगावर, तिला लोंबणारं ते कापड. डिसेंबरातल्या जागी.

वन्संनी 'उसव' म्हणायला हवं होतं. तेहतीस वर्षं तेच म्हणत आल्या. त्यांनी नुसती कात्री आणून माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "तू ठरव." आणि दार ओढून घेऊन गेल्या.

६ एप्रिल

ठरवलं नाही. फूल बघते. मग शालीत नाक खुपसते. वास तर फेब्रुवारीतच गेला होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता फक्त लोकरीचा वास येतो आणि माझा.

८ एप्रिल

आज दुपारी वन्सं पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. शालीच्या काठावर बोट फिरवत म्हणाल्या, "ही शाल माझी आहे, माहितीये?"

मला माहीत नव्हतं.

"पहिल्या पगाराची. आईला घेतली होती. एका हिवाळ्यात बाळूला ताप आला म्हणून त्याच्या अंगावर घातली. ताप गेला, शाल दिली नाही लबाडाने. लग्न झालं, इकडे घेऊन आला. मी दर हिवाळ्यात मागायचे, तो म्हणायचा, अजून थंडी आहे."

हसलो दोघी. मग मला एकदम काय वाटलं ते इथे नीट लिहायचंय. चार महिने मी ही शाल पांघरून बसले होते, जणू हे एकट्या माझेच होते. ह्या बाईने त्यांना माझ्याआधी तीस वर्षं पाहिलं होतं, आणि एकदाही म्हणाल्या नाहीत, की जरा इकडे दे.

मी कात्री त्यांच्याकडे सरकवली. "वन्सं, तुम्ही कापा. शाल तुमची."

त्यांनी कापड उलटं केलं. संध्याकाळचे साडेपाच, ढगाळ, दिवा लावला नव्हता. शालीच्या बाजूने माझे टाके दिसत होते, तपकिरी लोकरीत बारीक पिवळे. त्यांनी कात्रीचं टोक लोकरीत घातलं आणि कापायला लागल्या. टाक्यापासून गव्हाच्या दाण्याएवढं अंतर, सगळीकडे तेवढंच. पाकळीच्या टोकाशी वळल्या, दोन पाकळ्यांच्या बेचक्यात शिरल्या, बाहेर आल्या. बोटाने चाचपलं नाही, एकदाही नाही. डोळे कात्रीवर. सहा पाकळ्या, देठ. एक दोरा तुटला नाही. माझा एकही दोरा तुटला नाही.

मी कात्री बघत होते, मग त्यांचे डोळे बघायला लागले.

फरशीवरचा स्क्रू. आतला हिरवा ठिपका. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला पाच पायऱ्या उतरवत नाहीत. चपलांचा चिखल. आणि रोज सकाळचे ते लाल डोळे, ज्यांत मी महिनाभर थेंब घातले. आणि त्यांनी घालू दिले.

एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज! पाण्यात गेली.

शालीचा फुलाच्या आकाराचा तुकडा कापडाच्या मागे राहिला. वन्संनी कापड सुलट करून माझ्या मांडीवर ठेवलं. "आता फूल जाड झालं," म्हणाल्या. "मधोमध आहे, चालेल."

उरलेल्या शालीला भोक पडलंय, पंजाएवढं. त्याची कड मुडपायची म्हणून त्यांनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला. "ओवून दे."

मी ओवून दिली.

९ एप्रिल

आज पहिल्यांदा शालीशिवाय बसले. खांद्यांना जरा ओकंबोकं वाटलं. दुपारी विसरले.

काल रात्रभर मी विचार करत होते असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, गाढ झोपले. सकाळी चहा करताना विचार केला. माणूस इतकं करतं? स्वतःचा हात, ज्या हातावर अख्खं आयुष्य उभं, तो दोन महिने मांडीवर ठेवून बसायचं. कावळ्याचे पाय बघायचे. आणि रडायचं ते पहाटे, पायऱ्यांवर जाऊन, दुसरीची झोप मोडू नये म्हणून. मला हे जमलं नसतं. मी त्यांना कोरडी म्हटलं होतं.

परसात भिंतीच्या कोपऱ्यात एक शेवटची कळी आहे. मोठी, हिरवी, घट्ट मिटलेली. कोणत्या रंगाची ते कळत नाही.

१३ एप्रिल

लेक आली. दारातूनच, "आई, खोकी कुठे आहेत?" खोकी नव्हतीच. टेबलावर कापड पसरलं होतं. ती उभीच राहिली. पायऱ्या, नळाखालचा मुखदुर्बळ, अकरा पेले, निळे घोस, मधोमध नर्गिस. "हे कोणी केलं?"

"उलटं करून बघ," वन्सं म्हणाल्या.

तिने उलटं केलं. मागे बाबांची शाल. ती खाली बसली आणि खूप रडली. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना.

चहा झाल्यावर तिने डोळे पुसले आणि विषय काढला. परवा किल्ल्या द्यायच्या, तर आता आवरायचं कसं? मी ठरवून ठेवलं होतं. चार महिन्यांत मी 'बरं'शिवाय तिला काही म्हटलं नव्हतं.

"मला येता येणार नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या आत्याचे डोळे गेलेत. जवळचं काही दिसत नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या कशा राहणार? त्यांना सुई कोण ओवून देणार? त्यांना माझ्याजवळ इथेच राहावं लागेल."

लेक वळली. "आत्या? खरंच?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, ही बाई खरं बोलणार; अभ्र्याच्या दिवशीसारखं सगळं उलटं करून दाखवणार.

वन्संनी हात पुढे केला आणि टेबलावर चाचपायला लागल्या. कप त्यांच्या नाकासमोर होता. त्याला वळसा घालून हात पार साखरेच्या डब्यापर्यंत गेला. "अगं," म्हणाल्या, "माझा कप कुठे ठेवलास?"

मी कप त्यांच्या हातात दिला. लेक आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. माझीच लेक ती. आवाजावरून तिला कळत नसेल असं नाही. मग पर्समधून फोन काढला, घरमालकाचा नंबर शोधला, आणि उठता उठता म्हणाली, "बरं."

१५ एप्रिल

पहाटे जाग आली ती मागच्या दाराच्या कडीने. उठले, चपला घातल्या, गेले. वन्सं तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, उरलेली शाल खांद्यावर. दचकल्या नाहीत. सरकून मला जागा दिली.

उजाडेपर्यंत बसलो. त्या रडत होत्या, मीही रडले. थेंबांचं नाव काढलं नाही. मग भिंतीच्या कोपऱ्यात उजेड आला. कळी उघडली आहे, तांबडी. वन्सं म्हणाल्या, "पाकळ्या किती?" मी म्हटलं, "चला, दोघी मोजू."

सहा.

मागच्या दाराशी आज चिखलाच्या चपलांच्या दोन जोड्या होत्या. दोन्ही मीच धुतल्या.